ऊसतोडीला निघण्याआधी शाळेची कामं कशी उरकायची

मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत लिपिक आहे. नोकरीला एकोणीस वर्षं झाली. पाचवी ते दहावी, मराठी माध्यम, आणि पटावरची निम्म्याहून जास्त लेकरं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. हे लिहितेय ते त्या घरांसाठी, आणि लेकरांपाशी मागं राहणाऱ्या आजी-आजोबा, काका-मामांसाठी.

शाळेचं वर्ष जूनच्या मध्याला सुरू होतं आणि एप्रिलअखेर संपतं. तुमचं वर्ष तसं चालत नाही. दसरा झाला की टोळ्या हलायला लागतात, दिवाळीनंतर निम्मी वस्ती रिकामी होते, आणि माणसं परततात ती कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे शाळा चालू आणि माय-बाप गावात, असे जेमतेम चार महिने. दहावीचा फॉर्म, शिष्यवृत्त्या, हॉल तिकीट, बोर्डाची परीक्षा, हे सगळं नेमकं तुम्ही फडात असताना येतं. म्हणून माझं एकच सांगणं आहे: ज्याला तुमची सही, अंगठा किंवा ओटीपी लागतो, ते प्रत्येक काम १७ सप्टेंबरच्या आत उरका.

१७ सप्टेंबरच का, तर दसरा मागंपुढं होतो. २०२४ ला तो १२ ऑक्टोबरला होता, २०२५ ला २ ऑक्टोबरलाच आला, आणि ‘दसऱ्याआधी करू की’ म्हणणाऱ्या बऱ्याच घरांची कामं त्या वर्षी तशीच राहिली. १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन हलत नाही. त्या दिवशी सकाळी तुम्ही झेंडावंदनाला येताच. ते झालं की मी ऑफिस उघडून दुपारपर्यंत बसते, फक्त याच कामांसाठी. येताना पिशवीत आधार कार्डं, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक आणि चालू फोन एवढं आणा.

फोनचं आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच होतं. नववीतली एक मुलगी. आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन यादीत आलेली. नोव्हेंबरातल्या एका दुपारी आजीला घेऊन खिडकीशी आली. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. सगळं भरून झालं, आणि ओटीपी गेला बापाच्या नंबरवर. बाप सांगली जिल्ह्यात फडात, फोन कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, उशाला. आम्ही पाचपर्यंत अकरा वेळा लावला. रात्री आठला त्याचा फोन आला, ‘मॅडम, काय होतं?’ तोवर ओटीपीची मुदत केव्हाच सरली होती, आणि रात्रीतून अर्जाचीही. वर्षाचे १२,००० रुपये गेले. त्या पोरीला मी जुलैतच बोलवायला हवं होतं, ही टोचणी मला अजून आहे.

तेव्हापासून मी प्रत्येक घराला सांगते: आधारला, बँकेला आणि शाळेत जो नंबर दिलाय, तो फोन गावात राहिला पाहिजे. तो तुमच्याबरोबर जाणार असेल, तर आधार केंद्रावर जाऊन आजी, काका, जो मागं राहणार त्याचा नंबर जोडून घ्या, आणि मग तोच बँकेत आणि शाळेत द्या. तीन ठिकाणी तीन नंबर ठेवू नका. आणि त्या सिमला अधूनमधून रिचार्ज मारत राहा. तीन महिने पडून राहिलं तर सिम बंद पडायची भीती असते.

जून-जुलै: जनरल रजिस्टरमधली नोंद स्वतः ऐका

आमच्या ऑफिसात लोखंडी कपाटात जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं एक रजिस्टर असतं, जनरल रजिस्टर. तुमच्या लेकराचं शाळेतलं सगळं अस्तित्व त्यातल्या एका आडव्या ओळीत असतं: पूर्ण नाव, आईचं नाव, धर्म, जात, पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख आधी अंकी, मग अक्षरी, मागची शाळा, प्रवेशाची तारीख. बोनाफाईड, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं मार्कलिस्ट, पुढं जातीचा दाखला, नोकरीतली जन्मतारीख, सगळं या ओळीवरून निघतं. ही ओळ कुणी उघडून बघत नाही. दहावीनंतर चूक निघते आणि मग पळापळ होते.

जुलैत एखाद्या शनिवारी या. शनिवारची शाळा सकाळची असते, ऑफिसात गर्दी कमी. मला म्हणा, ‘मॅडम, नोंद वाचून दाखवा.’ मी वाचते, तुम्ही आधार आणि जन्मदाखला हातात धरून ताडून बघा. वाचता येत नसेल तरी लाजू नका, ऐका. कान चूक पकडतात. एका नववीतल्या पोराची मी तारीख वाचली, ‘अंकी नऊ सहा दोन हजार दहा, अक्षरी सहा जून दोन हजार दहा.’ बाप तिथंच म्हणाला, ‘सहा न्हाई, नऊ. मिरगाच्या आदल्या रोजी न्हाई, नंतर झालाय.’ मागच्या शाळेच्या दाखल्यावर कुणीतरी हातानं लिहिताना ९ चा ६ वाचला होता आणि अक्षरीत तेच उतरलं होतं. पोरगं नववीत होतं म्हणून वेळ होता. अर्ज, जन्मदाखला, मागच्या शाळेचा उतारा जोडून मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयात गेला, मंजुरी यायला साडेतीन महिने लागले. दहावीच्या फॉर्मवर तारीख बरोबर गेली.

लक्षात ठेवा, रजिस्टरमधलं नाव, जात, जन्मतारीख मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात खोडून बदलू शकत नाहीत. शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. आणि मुलानं शाळा सोडल्यावर तर माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे उघड लेखनचुकीपलीकडं बदल होणं फार अवघड. म्हणून नववीचं वर्ष हेच दुरुस्तीचं शेवटचं निवांत वर्ष समजा.

आता तुमच्या घरांची एक खास अडचण. कितीतरी लेकरं कारखान्यावरच, कोपीत किंवा तिथल्या सरकारी दवाखान्यात जन्मलेली असतात. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथं होते, आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत नाही. इथं ग्रामसेवकाकडं खेटे घालून काही मिळत नाही. त्या वर्षी कुठल्या कारखान्यावर होतात, जवळचं गाव कोणतं, दवाखाना कोणता, ते आठवून लिहून ठेवा, मुकादमाला विचारा. आणि यंदा टोळी त्याच भागात जाणार असेल, तर जन्मदाखला तिथूनच काढून आणा. फडात असताना करता येण्यासारखं हे एकच शाळेचं काम आहे, आणि ते तिथंच होतं.

इंग्रजी स्पेलिंगही बघा. आधारवर वैष्णवीच्या नावात एक ‘ए’ जास्त आणि शाळेत एक कमी, असं झालं की यू-डायसवर, म्हणजे सरकारच्या शाळा-माहितीच्या पोर्टलवर, आधार जुळत नाही. आधार जुळलेली मुलंच पटावर मोजली जातात आणि ३० सप्टेंबरच्या पटावर शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. म्हणून आम्ही त्या महिन्यात तुमच्या मागं लागतो. मुलगा किंवा मुलगी १५ वर्षांची झाली की बोटांचे ठसे आणि डोळे पुन्हा द्यावे लागतात. १५ ते १७ या वयात ते काम फुकट होतं. ते राहिलं तर पुढं प्रवेशाच्या वेळी अंगठा जुळत नाही. अपार आयडीसाठी, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकासाठी, पालकाचं संमतीपत्र लागतं, त्यावर सही त्याच फेरीत करून टाका.

पैसे मिळवून देणारे कागद

आठवीत लेकरू असेल तर एनएमएमएस सोडू नका. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी ही परीक्षा आहे. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५०. परीक्षा डिसेंबरात, दोन पेपर, प्रत्येकी ९० गुणांचे: एक बुद्धिमत्तेचा, एक विज्ञान, समाजशास्त्र आणि गणिताचा. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ मुलांचा. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत महिन्याला १,००० रुपये. मराठा-कुणबी मुलं पास होऊनही कोट्यात बसली नाहीत, तर त्यांच्यासाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची वर्षाला ९,६०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. निवड झाली म्हणजे पैसे आपोआप येत नाहीत, पोर्टलवर दरवर्षी अर्ज करावा लागतो. वरची पोर तिथंच अडकली.

यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून मागच्या वर्षीचा आणू नका. जुलैत सेतूत गर्दी असते, पण तेव्हाच काढा. बँक खातं मुलाच्या स्वतःच्या नावावर आणि आधार जोडलेलं हवं. ‘आधार जोडलं का’ एवढंच बँकेत विचारू नका. ‘सरकारी पैसे याच खात्यात येतील ना’ असं विचारा. खातं दुसरीकडंही असलं की पैसे भलत्याच खात्यात जातात.

अनुसूचित जाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती असते: पाचवी ते दहावीला, दर महिन्याला, दहा महिन्यांसाठी. रक्कम थोडी आहे, पण मुलीच्या खात्यावर तिच्या नावानं येते. नववीतल्या एका पोरीनं त्या पैशातून कंपासपेटी घेतली आणि मला दाखवायला ऑफिसात आली होती.

एसटीचं सोपं आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत प्रवास मोफत, मुलांना तिकिटाच्या एकतृतीयांश पैशांत पास. जून २०२४ पासून एसटीनं पास शाळेतच द्यायला सुरुवात केली आहे. यादी आम्ही आगारात पाठवतो. नाव यादीत आहे का तेवढं जूनमध्ये विचारा.

जातीचा दाखला

दहावीनंतर लागतो म्हणून दहावीनंतर काढायला जाऊ नका. अर्ज सेतूतून होतो, सही प्रांताधिकाऱ्यांची. पुराव्याला वाडवडिलांची जुनी नोंद लागते: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीची, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची. आजोबा, चुलत आजोबा, पणजोबांपैकी कुणी शाळेत गेलं होतं का, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. नाव आणि साधारण वर्ष सांगितलं की त्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा मिळतो. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींसाठी लोक जुनी रजिस्टरं बघायला आले, तेव्हा ऑफिससमोर रांगा लागल्या होत्या. पिवळी पडलेली, कडा झिजलेली पानं उलटताना एका आजोबांना स्वतःच्या थोरल्या भावाचं नाव सापडलं, शाळा अर्ध्यात सोडलेल्या. ते बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले होते. आपल्याकडं निजामाच्या काळातल्या नोंदी उर्दू आणि मोडीत आहेत, वाचणारा शोधावा लागतो. त्यालाही वेळ धरा.

निघताना शाळेत काय ठेवून जायचं

एक पत्र. छापील नमुना नसला तरी चालतं, वहीच्या पानावर लिहा:

‘मा. मुख्याध्यापक यांस, मी अमुक, इयत्ता अमुकमधील अमुक याचा/हिचा पालक. आम्ही ऑक्टोबर ते मार्च ऊसतोडणीसाठी बाहेरगावी जात आहोत. या काळात पाल्याची जबाबदारी माझी आई/भाऊ/मेहुणा श्री./श्रीमती अमुक यांच्यावर असून शाळेच्या कागदांवर पालक म्हणून त्यांची सही ग्राह्य धरावी. त्यांचा फोन नंबर असा. आमचा फोन नंबर असा. टोळीचा मुकादम अमुक, त्याचा नंबर असा.’

खाली तुमची सही, मागं राहणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि त्याच्या आधारची झेरॉक्स. मुकादमाचा नंबर जरूर द्या. तुमचा फोन लागत नाही तेव्हा त्याचाच लागतो. मागच्या हिवाळ्यात सातवीतल्या मुलाला ताप चढला तेव्हा मुकादमामार्फतच आईपर्यंत निरोप गेला.

धाकट्या भावंडांना बरोबर नेणार असाल, तर आधी त्यांच्या शाळेत हंगामी वसतिगृहाचं विचारा. तिथं लेकरं आपल्या गावात राहून शिकतात. न्यायचीच असतील तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या आणि कारखान्याजवळच्या शाळेत दाखवा. शाळा सोडल्याचा दाखला जवळ नाही म्हणून आठवीपर्यंत कुणालाही प्रवेश नाकारता येत नाही, तसा कायदा आहे. दाखला काढून नेण्याची घाई करू नका. नाव पटावर राहू द्या, परतल्यावर ते लेकरू आमचंच आहे.

दहावीचं वर्ष

बोर्डाचा फॉर्म साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात शाळेतूनच ऑनलाइन भरला जातो. यू-डायसवर जी माहिती आहे तीच पुढं जाते. म्हणून दहावीच्या प्रत्येक मुलाच्या माहितीची कच्ची प्रत मी सप्टेंबरातच काढून ठेवते. निघण्याआधी ती बघा: नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय, माध्यम, फोटो. फॉर्म भरल्यावर बोर्डाची प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासायची यादी, येते, ती तपासून मुलाची सही घेतो. मुलाला सांगून ठेवा, न वाचता सही करायची नाही.

पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. डिसेंबरात एखादा कोयता, म्हणजे ऊस तोडणारं माणूस, कमी पडला म्हणून पोराला पंधरा दिवस बोलावून घेतात, मला ठाऊक आहे. उचलीचा, म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेल्या पैशांचा, बोजा काय असतो तेही ठाऊक आहे. पण दहावीच्या पोराला बोलवू नका. फक्त हजेरीचा प्रश्न नसतो. प्रत्येक विषयाचे १०० पैकी २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, आणि ते वर्गात बसणाऱ्यालाच मिळतात. पास व्हायला ३५ लागतात, त्यात या वीसांचा आधार किती मोठा असतो ते निकालाच्या दिवशी कळतं. मुलानं इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा दिली असेल किंवा खेळाच्या स्पर्धांत चमकला असेल, तर वाढीव गुणांचा प्रस्ताव शाळेतून जातो. प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवून जाऊ नका, मला देऊन जा.

हॉल तिकीट जानेवारीत येतं. फोटोवर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का आहे ना, ते आजीनं बघावं. २०२५ ला परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च अशी झाली, साधारण हाच काळ धरा. पेपर ११ ला, पण वर्गात साडेदहाला बसायचं. २०२३ पासून दहा मिनिटं शेवटी वाढवून मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर २ वाजून १० मिनिटांपर्यंत. केंद्र दुसऱ्या गावी असेल तर पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी मुलाला केंद्र दाखवून आणा, कोणती गाडी धरायची ते ठरवा. जमलं तर दोघांपैकी एकानं तेवढ्या तीन आठवड्यांना गावी या. नाही जमलं, तर रोज संध्याकाळी एक फोन करा. ‘पेपर कसा गेला’ एवढंच विचारा.

मे

दहावीचा निकाल मे महिन्यात लागतो, तेव्हा तुम्ही घरी असता. सहा विषयांतले चांगले पाच धरून टक्केवारी निघते. गुण कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, मगच पुनर्मूल्यांकन करता येतं, आणि मुदत थोडे दिवसच असते. एक-दोन विषय राहिले तरी अकरावीत प्रवेश मिळतो, आणि जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते. पोराला लगेच टोळीत घेऊ नका, पुरवणीचा फॉर्म आधी भरा. अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे, त्यालाही ओटीपी लागतो. यावेळी फोन तुमच्या हातात आहे, हे बरं.

मग शाळा सोडल्याचा दाखला. मूळ दाखला एकदाच मिळतो. हरवला तर दुसऱ्या प्रतीसाठी प्रतिज्ञापत्र करावं लागतं. त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढा, मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा, कोपीत नेऊ नका. आणि दाखला हातात घेतल्यावर लगेच वळू नका. खिडकीशीच उभं राहून मुलाला मोठ्यानं वाचायला सांगा, नावापासून अक्षरी जन्मतारखेपर्यंत. काही चुकलं असेल तर तिथंच सांगा, रजिस्टर माझ्या टेबलावर उघडंच असतं.